भडकल दरवाजा बांधणारा गुलाम

दरवर्षी १४ एप्रिलला छत्रपती संभाजीनगरात भडकल गेटजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर निळा सागर उसळतो. आम्हीही बीडहून अनेकदा त्या गर्दीत सामील झालो आहोत. पुतळ्याला हार घालून, घोषणा देऊन, गळा बसवून घेऊन परत फिरतो. शेजारी उभ्या असलेल्या त्या भल्यामोठ्या दगडी दरवाजाकडे मात्र कुणी मान वर करून पाहत नाही. खरे सांगायचे तर आम्हीही कित्येक वर्षे पाहिले नव्हते. १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून हा दरवाजा ज्याने उभा केला तो कुणी सरदारपुत्र नव्हता. तो बाजारात विकला गेलेला गुलाम होता. त्याचे नाव मलिक अंबर.

फ्रान्समध्ये म्युरा नावाचा एक खानावळवाल्याचा मुलगा घोडदळाचा सेनापती झाला आणि १८०८ मध्ये नेपल्सचा राजा झाला. नेपोलियनची बहीण त्याची बायको होती, आणि ती सोयरीक गादीपर्यंत पोहोचायला उपयोगी पडली. सात वर्षांनी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. घोड्याच्या पाठीवरून सिंहासनापर्यंत गेलेला माणूस म्हणून युरोप त्याची कथा सांगतो. पण त्याच्याही दोनशे वर्षे आधी आपल्या मराठवाड्यात एक माणूस बेड्यांतून निघून घोड्यावर बसला आणि राजे बसवू-उठवू लागला, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमाराचा, इथिओपियातला. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. १६१७ मध्ये त्याला प्रत्यक्ष भेटलेला डच व्यापारी पीटर वान डेन ब्रुक नोंदवतो की मोखाच्या बाजारात तो ८० गिल्डरला विकला गेला. पुढे बगदादला एका मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, धर्म बदलला आणि अंबर हे नाव दिले. पुन्हा विक्री झाली आणि तो दख्खनेत आला. इथे त्याला विकत घेतले अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने. हा पेशवा स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम होता! मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. त्याने काही काळ विजापूरकरांची चाकरी केली आणि दीडशे घोडेस्वार घेऊन तो परत निजामशाहीत आला.

१६०० च्या ऑगस्टमध्ये अकबराच्या फौजेने नगरचा किल्ला घेतला. चांदबीबी मारली गेली, राजा कैद झाला. मोठमोठे खानदानी सरदार मोगलांच्या मनसबी स्वीकारू लागले. राज्य संपले असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. तेव्हा या माजी गुलामाने राजघराण्यातला एक तरुण शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. नगर, परांडा आणि दौलताबाद हे तीन किल्ले नकाशावर रेषेने जोडून पाहावेत. आपल्या बीड जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग त्या त्रिकोणात सापडतो. पुढची पंचवीस वर्षे दिल्लीशी जी झुंज चालली ती आपल्याच मुलखात.

मुलगी दिली तरी जन्म पुसला जात नाही, हे अंबरला लवकरच कळले. वान डेन ब्रुकच्या नोंदीनुसार राजाच्या थोरल्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला दासीची पोर म्हणून हिणवले. अंबरने राजा आणि राणी दोघांनाही विष घालून मारले आणि गादीवर दुसरे पोर बसवले. या कृत्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण जन्मावरून हिणवले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. सगळी फौज ज्याच्या हुकमात, खजिना ज्याच्या हाती, त्याच्या लेकीलासुद्धा ते चुकले नाही. तो स्वतः गादीवर कधीच बसला नाही. का बसला नसेल? आमच्या मते त्या गादीला रक्त लागत होते, कर्तृत्व पुरत नव्हते. राज्य चालवायला गुलाम चालत होता, मात्र मुकुट त्याच्या डोक्यावर शोभत नव्हता.

१६१० च्या सुमारास इंग्रज व्यापारी विल्यम फिंच त्याची फौज सांगतो: दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी. मालोजी, शहाजी, लखुजी जाधव हे मराठे सरदार याच निजामशाहीतले. समोरासमोर न भिडता रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, या गनिमी काव्यात अंबरने दख्खनी घोडदळ तयार केले. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला त्याचा मोठा पराभव झाला. मोगलांनी त्याची खडकी जाळली. तो पुन्हा उभा राहिला. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला, आपल्या आष्टीपासून फार लांब नाही, मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकदम चालून आल्या. अंबरने तलावाचा बांध फोडून त्यांची छावणी चिखलात बुडवली आणि दोघांचाही धुव्वा उडवला. या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी कामी आले.

दिल्लीचा बादशहा जहांगीर काय करू शकला? त्याने चित्र काढून घेतले! भाल्यावर अंबरचे कापलेले मुंडके आणि त्यावर बाण सोडणारा बादशहा. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही. आत्मचरित्रात त्याने अंबरच्या काळ्या रंगावरून शिव्या देऊन समाधान करून घेतले. मात्र अंबर वारल्यावर बादशहाच्याच बखरकाराने, मुतमदखानाने, गुलाम इतक्या मोठेपणाला पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, अशा अर्थाची कबुली लिहून ठेवली.

वकील म्हणून आम्हाला त्याच्या तलवारीइतकीच त्याची महसूल व्यवस्था महत्त्वाची वाटते. मक्तेदाराने बोली लावून शेतकऱ्याला पिळायचे, ही पद्धत त्याने बंद केली. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला. १६१० मध्ये खडकी वसवली आणि भुयारी नहरीने तिथे पाणी आणले. ती नहर-ए-अंबरी पुढे शतकानुशतके शहराला पाणी देत राहिली.

पण इथेच आम्हाला थांबून एक प्रश्न विचारावा लागतो. मक्तेदार हटवणाऱ्या अंबरने गावचे वतनदार मात्र जागेवरच ठेवले. पाटील पाटील राहिला, कुलकर्णी कुलकर्णी राहिला आणि गावकुसाबाहेरचा माणूस गावकुसाबाहेरच राहिला. स्वतः विकला गेलेल्या या माणसाने आपल्या फौजेसाठी हबशी गुलाम विकतही घेतले. आपल्या गळ्यातली साखळी त्याने तोडली. साखळ्या बनवणारी भट्टी त्याने विझवली नाही. ते काम तीनशे वर्षांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडणाऱ्या एका बॅरिस्टरला हाती घ्यावे लागले. म्हणून अंबरची आरती करण्याची आपल्याला गरज नाही. तरीही त्याला विसरणे हा अन्यायच आहे.

१६२६ मध्ये, वयाच्या ७८ च्या आसपास, मलिक अंबर वारला. शत्रूच्या हाती न लागता, सत्तेवर असताना. सात वर्षांनी त्याच्याच मुलाने, फतेहखानाने, दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. खडकीचे आधी फतेहनगर झाले, मग औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. शहराची नावे बदलली, पण शहर वसवणाऱ्याचे नाव एकदाही लागले नाही. एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लाठ्या खाल्लेल्या आणि घरे जळताना पाहिलेल्या आपल्या समाजाला, नाव न लागणे म्हणजे काय असते ते कळते.

खुलताबादला त्याची कबर आहे. वेरूळच्या लेण्यांना जाणाऱ्या आपल्या धम्मसहलींच्या गाड्या तिच्या जवळूनच जातात. पुढच्या वेळी आम्ही आमची गाडी तिथे थांबवणार आहोत, आणि पोरांना खाली उतरवणार आहोत.