लक्ष्मीबाई टिळक : संसाराच्या धकाधकीतली लेखणी

लिहायला निवांतपणा लागतो, मन स्थिर लागते, असे आपण नेहमी म्हणतो. ज्यांच्या वाट्याला असा निवांतपणा फारसा आलाच नाही, त्या लक्ष्मीबाई टिळकांनी मराठीला ‘स्मृतिचित्रे’ दिले. शाळेच्या पुस्तकातून आपल्यापैकी अनेकांनी त्यातला एखादा उतारा वाचलेला असतो. त्यामागचे आयुष्य मात्र सोपे नव्हते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी, गोखले घराण्यात झाला. वडिलांचे सोवळेओवळे इतके कडक की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जाई. मुलींना शाळेत घालण्याचा प्रश्नच नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक कवी, विद्वान, मनाने उदार; पण तितकेच लहरी. कधी न सांगता घर सोडून जात, तर कधी हातातले पैसे दुसऱ्याला देऊन टाकत. घर चालवायचे ते लक्ष्मीबाईंनी. काही मुले लहानपणीच दगावली. याच टिळकांनी त्यांना लिहावाचायला शिकवले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. त्या काळी नवरा ख्रिस्ती होणे म्हणजे बायकोने जिवंतपणी वैधव्य भोगण्यासारखे होते. लहानग्या दत्तूला घेऊन त्या सुमारे पाच वर्षे टिळकांपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पंढरपुरातही त्यांनी दिवस काढले. या विरहाच्या दुःखातूनच त्यांची कविता पुढे आली. मन मोकळे करायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्यांनी शब्दांचा आधार घेतला.

पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या. तरी सोवळे लगेच सुटले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. हळूहळू त्यांचे त्यांनाच उमगले की माणसामाणसांतले हे भेद देवाने केलेले नाहीत. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे मुकाट्याने जाणाऱ्या त्या नव्हत्या. श्रद्धेची वाट त्या स्वतःच्या पायांनी चालल्या. मग त्यांच्या घरात पोरक्या मुलांना जागा मिळाली. मिळकत थोडी आणि पानावर बसणारी तोंडे जास्त, असा तो संसार होता.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. प्रभू येशूच्या जीवनावरचे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ज्या श्रद्धेमुळे आपला संसार एकदा मोडला, त्याच श्रद्धेचे नवऱ्याचे अर्धवट काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने त्यात ६४ अध्यायांची भर घातली. मनात अढी ठेवून एवढे काम होत नाही. क्षमा कशी असते हे पाहायचे असेल, तर या ६४ अध्यायांकडे पाहावे.

टिळकांच्या पश्चात पोटासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केले, मुलाबरोबर कराचीलाही राहिल्या. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या खटपटीत होता. त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभे राहिले. पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात टिळकांचा विक्षिप्तपणा आहे, स्वतःची फजिती आहे, उपासमार आहे, भांडणे आहेत. पण कडवटपणा कुठेच नाही. जे रडत सोसले ते त्यांनी हसत सांगितले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते. पण फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’इतकाच त्यांच्या साहित्यावरही आपणा सर्व मराठी ख्रिस्ती लोकांचा हक्क आहे.

सारे स्थिरस्थावर झाले की मग लिहीन, मग प्रार्थना करीन, मग देवाचे काम करीन, असे म्हणत आपण वर्षे घालवतो. लक्ष्मीबाई थांबल्या नाहीत. दुःख बाजूला सारूनही त्यांनी लिहिले नाही. ते दुःखच देवापुढे आणि लोकांपुढे उघडे केले. आपल्या धर्मग्रामातही अशा आज्या आणि आया आहेत, ज्यांनी खूप सोसले आहे आणि ते कधी कुणाला सांगितलेले नाही. देवदत्तने आपल्या आईला आठवणी लिहायला सांगितले. या आठवड्यात आपणही घरातल्या वडीलधाऱ्या बाईपाशी थोडा वेळ बसू या. तिला लिहिता येत नसेल, तर ती सांगेल ते आपण लिहून घेऊ या.