कुर्तुबाचे अल-झहरावी आणि तान्ह्या बाळाचा लकवा

डोंगरी म्हटलं की आपल्या वाचकांना मुंबईची डोंगरी आठवते. आम्ही बोलतोय ती मीरा-भाईंदरमधली, उत्तनच्या बाजूची. मागे तिथल्या एका घरी बाळ बघायला गेलो होतो. आठ दिवसांचं पोर. शांत झोपलेलं असलं की काही कळायचं नाही; रडलं की तोंड एका बाजूला ओढलं जायचं आणि दुसऱ्या बाजूचा डोळा उघडाच राहायचा. बाळंतपण अडलं होतं, चिमटा लावून सोडवावं लागलं होतं. डॉक्टरांनी काही आठवडे थांबायला सांगितलं होतं. दादीजान मात्र हट्टाला पेटल्या होत्या की हा लकवा आहे, डाग द्या, आपल्या जुन्या हकिमांनी हेच सांगितलंय.

दादीजान अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. म्हणूनच आज अबुल कासिम अल-झहरावी यांच्याविषयी लिहायचं ठरवलं.

त्यांचा जन्म इ.स. 936 च्या सुमारास, स्पेनमधल्या कुर्तुबा शहराजवळ मदीनतुज्जहरा इथे झाला. खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी त्याच काळात ही नगरी वसवायला घेतली होती. अल-झहरावी हे नाव या गावावरूनच आलं. त्यांच्या घरसंसाराची माहिती फारच थोडी उरली आहे. उरलं ते काम. ‘अत-तसरीफ’ हा त्यांचा 30 भागांचा ग्रंथ, आणि त्यातला शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे 200 अवजारांची चित्रं आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला ते अवजार लोहाराकडून घडवून घेता यावं. बाराव्या शतकात टोलेडोमध्ये जेरार्ड यांनी या भागाचं लॅटिन भाषांतर केलं आणि पुढे काही शतकं युरोपातले वैद्य ‘अल्बुकासिस’ या नावाने त्यांना वाचत राहिले.

आम्हाला या ग्रंथात सर्वात महत्त्वाची वाटते ती त्यांची सावधगिरी. शरीराची रचना माहीत नसलेल्या माणसाने हातात शस्त्र धरू नये, असा त्यांचा आग्रह होता. एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिनी तोडली आणि ती त्याच्यासमोरच गेली, हा प्रसंग त्यांनी मुद्दाम नोंदवून ठेवला. दाईंसाठीही त्यांनी स्वतंत्र प्रकरणं लिहिली: बाळाचे पाय आधी आले तर काय करावं, हात आला तर काय, वार अडकली तर काय. एका बाईच्या बेंबीजवळ गळू होऊन फुटलं आणि त्यातून मृत गर्भाची हाडं बाहेर काढावी लागली; ती बाई त्यानंतरही बरीच वर्षं जगली, हेही त्यांनी लिहिलंय.

जिवंत बाळ सोडवायचा चिमटा त्यांनीच शोधला, असं अभिमानाने सांगितलं जातं. आम्हाला ते पटत नाही. बाळंतपणाची त्यांची बरीच अवजारं पोटात दगावलेलं बाळ काढून आईला वाचवण्यासाठी होती. जिवंत बाळासाठीचा चिमटा सतराव्या शतकात इंग्लंडच्या चेंबरलेन घराण्याने वापरात आणला, आणि तोही शंभरावर वर्षं लपवून ठेवला.

आता लकव्याचं. आपण अर्धं अंग गेलं तरी लकवाच म्हणतो, पण अरबीतला मूळ शब्द चेहरा वाकडा होण्यासाठीच आहे. अल-झहरावींनी त्यावर डाग सांगितला, हे खरं. पण सरसकट नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे कफाने झालेलाच लकवा डागायचा. नस आखडून झालेल्याला हात लावायचा नाही, ही त्यांची ताकीद होती. जन्मताना दबलेल्या बाळाचा तिथे विषयच नाही. चेहऱ्याच्या नसेचं काम 1821 मध्ये चार्ल्स बेल यांनी उलगडलं, म्हणजे अल-झहरावींच्या नंतर आठशे वर्षांनी.

ही नस कानाच्या मागे खालच्या बाजूने बाहेर येते. मोठ्या माणसाला तिथे हाडाचा उंचवटा असतो, तान्ह्याला तो अजून तयार झालेला नसतो. त्यामुळे चिमट्याच्या पात्याने, कधी चिमटा न लावताही आईच्या कटीच्या हाडाने, ती दबते. तोंड ओढलं जातं ती बाजू चांगली. जी हलत नाही ती दबलेली. नस तुटलेली नसेल तर बहुतेक बाळं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप बरी होतात. तोवर जपायचा तो डोळा. तो मिटत नाही म्हणून सुकतो, बुबुळाला जखम होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळेवर घालायचे, सुरमा-काजळ नाही. काही आठवड्यांत फरकच दिसला नाही किंवा दूध ओढता येत नसेल, तर पुन्हा दाखवायचं. डाग मात्र कुणाच्याही नावाने द्यायचा नाही, अल-झहरावींच्याही नाही.

अल-झहरावी हिजरी 400 नंतर वारले. त्याच धामधुमीत मदीनतुज्जहरा लुटली गेली, जाळली गेली.

दादीजानना आम्ही हे सगळं सांगितलं. डागाचा विषय त्यांनी सोडला. सुरम्यावरून मात्र घरात अजून वाद चालू आहे.