ताऱ्यांसाठी मांडलेला नियम, हृदयाच्या कामी

इको तपासणीच्या अहवालात ‘डॉप्लर’ हा शब्द अनेकांनी वाचलेला असतो. ते एका माणसाचे आडनाव आहे.

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म १८०३ साली साल्झबर्गमधील पाथरवटाच्या घरात झाला. प्रकृती नाजूक, छिन्नी-हातोडा झेपणार नाही म्हणून त्यांना शिकवले गेले. व्हिएन्नात गणित शिकूनही पक्की नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेब लिहिले. शेवटी अमेरिकेला जाण्यासाठी सामानसुमान विकले, तोच १८३५ मध्ये प्रागमधून शिक्षकाची नोकरी चालून आली.

तिथेच १८४२ साली त्यांनी आपला नियम मांडला. लहरींचा उगम जवळ येत असेल तर वारंवारता वाढलेली जाणवते, दूर जात असेल तर घटलेली. जोडताऱ्यांचे रंग यामुळेच दिसतात, हा त्यांचा तर्क चुकला. नियम मात्र टिकला. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बॉइस बॅलट यांनी धावत्या रेल्वेवर तुतारीवादक बसवून तो ध्वनीच्या बाबतीत पडताळला.

१८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. पण फुप्फुसाच्या आजाराने १८५३ मध्ये, अवघ्या ४९व्या वर्षी, व्हेनिसमध्ये त्यांचे निधन झाले. बरोबर शंभर वर्षांनी, १९५३ मध्ये, स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. पुढे डॉप्लरच्या नियमाने रक्ताचा वेगही मोजता येऊ लागला.

हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. ‘एट्रियल फिब्रिलेशन’मध्ये ठोके अनियमित होतात, पिशवी नीट आकुंचन पावत नाही, रक्त साचते आणि गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. छातीवरून केलेल्या इकोत ही पिशवी नीट दिसत नाही, म्हणून घशातून अन्ननलिकेत नळी घालून ती पाहतात. तिथल्या रक्ताचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर गुठळीचा धोका बराच वाढतो. विजेच्या झटक्याने ठोके सुरळीत करण्यापूर्वी गुठळी नसल्याची खात्री अनेकदा अशीच केली जाते.

छातीत अनियमित धडधड होत असेल तर ईसीजी काढून घ्या. रक्त पातळ करणारे औषध सुरू असेल तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.