गिरिकंदरांचे स्वररचनाकार : ऑलिव्हिए मेसियाँ

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील अथवा महाराष्ट्रातील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही एका परदेशस्थ व परधर्मीय संगीतरचनाकाराचे चरित्र लिहावयास घेतले, याचे कित्येक ज्ञातिबांधवांस व भगिनींस नवल वाटेल. परंतु या पुरुषाच्या विद्येचा एक झरा आपल्या देवगिरीच्या पायथ्याशी उगम पावला आहे, आणि आम्ही स्वतः आयुष्यभर त्या झऱ्याकडे पाठ फिरवून बसलो होतो, हे कळल्यापासून हे चरित्र लिहिल्यावाचून आम्हांस राहवेना.

ऑलिव्हिए मेसियाँ यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी फ्रान्समधील आव्हिन्यों या नगरी झाला. वडील पिएर हे इंग्रजीचे अध्यापक असून त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांचे फ्रेंच भाषांतर केले. मातोश्री सेसील सोव्हाज या कवयित्री होत्या. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. वडील सैन्यात गेले आणि माता आपल्या दोन्ही मुलांना घेऊन ग्रनोबल येथे भावाच्या घरी राहावयास आली. आपल्या भाषेत सांगावयाचे तर मुले आजोळी आली. ग्रनोबल हे आल्प्स पर्वताच्या कुशीत वसलेले शहर असून त्या प्रांतास दोफिने म्हणतात. वडील दूर, घरावर चिंतेचे सावट, आणि भोवती बर्फाच्छादित शिखरे, अशा त्या दिवसांत या बालकाच्या मनात डोंगरांविषयी जी माया उत्पन्न झाली ती अखेरपर्यंत आटली नाही. पुढे याच प्रांतात पेतिशे येथे, तळ्याच्या काठी, त्यांनी लहानसे घर बांधले. हिवाळा पॅरिसमध्ये अध्यापनात जाई. रचना मात्र बहुतांशी उन्हाळ्यात, या डोंगरांच्या सान्निध्यात होत.

वयाच्या अकराव्या वर्षी, १९१९ साली, त्यांचा पॅरिसच्या सुप्रसिद्ध संगीत विद्यालयात प्रवेश झाला. पॉल द्युका व मार्सेल द्युप्रे यांच्यासारखे गुरू तेथे लाभले. १९३१ साली पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि सुमारे साठ वर्षे, मृत्यूपर्यंत, ती सेवा त्यांनी केली. ते निष्ठावंत कॅथलिक होते. डोंगर, पाखरे व तारे ही सारी ईश्वराची निर्मिती होय, आणि तिचे गान करणे ही आपली उपासना होय, अशी त्यांची धारणा होती.

आता देवगिरीचा धागा सांगतो. इसवी सनाच्या तेराव्या शतकात यादवराजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नामक पंडित होते. त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे. ते दक्षिणेत येऊन देवगिरीस स्थायिक झाले. राज्याच्या हिशेबाचे काम सांभाळून शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकर हा सात अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात १२० देशी तालांची नोंद आहे. ही तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापलेली तरुण मेसियाँ यांच्या पाहण्यात आली. युरोपातील संगीताची लय सारख्या ठोक्यांनी चालते. ती त्यांना अपुरी वाटत होती. कारण वारा, पाणी आणि पाखरे सारख्या ठोक्यांनी चालत नाहीत. शार्ङ्गदेवांच्या तालांत लहानमोठ्या मात्रांची जी विषम गुंफण आहे, तीत त्यांना हवी ती वाट सापडली. हे ताल त्यांनी विद्यार्थ्याच्या निष्ठेने अभ्यासिले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, मेसियाँ जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले व गोर्लिट्झ येथील छावणीत नेले गेले. तेथे व्हायोलिन, क्लॅरिनेट व चेलो वाजविणारे तिघे बंदिवान त्यांच्यासोबत होते. स्वतः पियानोवर बसून १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी काळाच्या अंताविषयीची आपली चतुष्कवाद्य-रचना कैद्यांपुढे सादर केली. या रचनेच्या पहिल्याच भागात पियानोचे वादन रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश या शार्ङ्गदेवांच्या तालांवर बांधलेले आहे. वाचकहो, कल्पना करा! देवगिरीच्या पंडिताने नोंदविलेले ताल सातशे वर्षांनी युरोपातील बंदिशाळेत उपाशी माणसांना धीर देत होते. पुढे त्यांच्या प्रचंड सिंफनीस त्यांनी तुरंगलीला हे संस्कृत नाव दिले. तेही याच यादीतील एका तालावरून घेतलेले आहे. तिचे पहिले वादन १९४९ साली अमेरिकेतील बोस्टन येथे झाले.

सुटकेनंतर १९४१ पासून १९७८ पर्यंत त्यांनी पॅरिसच्या विद्यालयात अध्यापन केले. बूलेझ, स्टॉकहाउझेन यांसारखे नामांकित रचनाकार त्यांच्या हाताखालून गेले. गृहसौख्य मात्र हरपले. पत्नी क्लेअर, ज्या स्वतः उत्तम व्हायोलिनवादक होत्या, त्यांची स्मृती आजाराने नष्ट होत गेली आणि १९५९ साली त्या शुश्रूषालयातच निवर्तल्या. या दुःखाच्या वर्षांत मेसियाँ वही-पेन्सिल घेऊन पहाटे रानात जात व पाखरांचे स्वर टिपून घेत. त्यांतून १९५८ पर्यंत पियानोसाठी पक्ष्यांविषयीचा तेरा रचनांचा संग्रह पूर्ण झाला. त्याचा आरंभ दोफिनेच्या कड्यांवर राहणाऱ्या एका काळ्या डोंगरी पाखराने होतो, आणि पाखरासवे ते कडेही स्वरांत उभे राहतात. १९६१ साली त्यांनी पियानोवादिका इव्होन लोरिओ यांच्याशी विवाह केला. १९६४ साली महायुद्धांतील मृतांच्या स्मरणार्थ रचना करण्याचे काम आले, तेव्हा ती उघड्या आकाशाखाली, हिमशिखरांसमोर वाजविता यावी अशा बेताने त्यांनी केवळ फुंकवाद्ये व आघातवाद्ये योजिली.

१९७१ साली अमेरिकेतील ॲलिस टली या संगीतप्रेमी दानशूर बाईंनी त्या देशाच्या द्विशताब्दीनिमित्त त्यांच्याकडे रचनेची मागणी केली. मेसियाँ यांनी थोर नगरे वर्ण्य विषय म्हणून घेतली नाहीत. १९७२ च्या वसंतात पत्नीसह ते यूटा राज्यातील सीडर ब्रेक्स, ब्राइस कॅन्यन व झायन या ओसाड दऱ्याखोऱ्यांत जाऊन हिंडले. खडकांचे रंग व पाखरांचे आलाप वहीत उतरले. सूर ऐकताच त्यांच्या मनश्चक्षूंपुढे रंग उभे राहत. म्हणून ब्राइसचे तांबडे-नारिंगी सुळके व त्यांवरून उडणारे निळे पाखरू त्यांनी स्वरांच्या मेळातून जसेच्या तसे उतरविले. दऱ्यांपासून ताऱ्यांपर्यंत अशा अर्थाच्या नावाची ही रचना बारा भागांची आहे. पहिला भाग वाळवंट. वाळवंट म्हणजे रिते मन; मन रिते झाल्यावाचून आतला आवाज ऐकू येत नाही, असा त्यांचा अभिप्राय. मातीची सरसर ऐकू यावी म्हणून आत शिशाच्या गोळ्या घातलेले चपट्या ढोलासारखे वाद्य त्यांनी स्वतः योजिले. वाऱ्यासाठी निराळे यंत्र घेतले. २० नोव्हेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क येथे ही रचना प्रथम वाजविली गेली. यूटावासीयांनी १९७८ साली तेथील एका डोंगरास मेसियाँ यांचे नाव दिले. २७ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले. पेतिशेच्या त्या घराजवळ, बालपणीच्या डोंगरांच्या छायेत, त्यांना मूठमाती देण्यात आली.

आता आमच्या अपराधाची कबुली. शिक्षकाच्या नोकरीत आम्ही कितीतरी वेळा विद्यार्थ्यांची सहल देवगिरीस नेली. खंदक दाखविला, अंधारी वाट दाखविली, मेंढा तोफेवर मुलांना हात ठेवू दिला. शार्ङ्गदेवांचे नाव मात्र एकदाही उच्चारले नाही, कारण आम्हांसच ते ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने मेसियाँ यांची वाळवंटाची रचना ऐकविली. प्रथम ती आम्हांस चमत्कारिक वाटली. पण तिची कुळकथा विचारता विचारता आम्ही एका फ्रेंच माणसाच्या बोटाला धरून आपल्याच गडावर परत आलो. ज्याला त्या मुलखाची भाषा येत नव्हती, त्याने छापील यादीवरून आमचे धन ओळखले. आणि आम्ही त्या धनावर उभे राहून मुलांना तोफ दाखवीत होतो!

आपल्या संघाची विद्यार्थी-सहल दरवर्षी निघते. यंदा ती देवगिरीस न्यावी आणि गडाच्या पायथ्याशी घटकाभर मुलांना नुसते बसवून वारा व पाखरे ऐकू द्यावीत, मग शार्ङ्गदेवांची व मेसियाँ यांची कथा सांगावी, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. सांगणारा कोणी न मिळाल्यास, गुडघे साथ देतील तोवर, ही सेवा करण्यास आम्ही सिद्ध आहोत.