बिग मामा थॉर्नटन

विली मे थॉर्नटन यांचा जन्म ११ डिसेंबर १९२६ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईच्या निधनानंतर किशोरवयातच घर सोडून त्या फिरत्या कलापथकात दाखल झाल्या. हार्मोनिका व ड्रम ही वाद्ये त्या स्वतःच शिकल्या. धिप्पाड देहयष्टी आणि बुलंद आवाज यांमुळे ‘बिग मामा’ हे नाव त्यांना शोभून दिसे.

१९५२ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी ‘हाउंड डॉग’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. जेरी लीबर व माइक स्टोलर या तरुणांनी ते खास त्यांच्यासाठीच रचले होते. १९५३ मध्ये हे गीत ‘रिदम अँड ब्लूज’ संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत सात आठवडे अग्रस्थानी राहिले. पुढे १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली या गौरवर्णीय गायकाने तेच गीत काही शब्द बदलून गायले. त्याच्या लक्षावधी तबकड्या खपल्या. मूळ गायिका मात्र झाकोळली गेली. थॉर्नटन यांच्या सांगण्यानुसार, त्या गीतापोटी त्यांच्या हाती अवघे पाचशे डॉलर पडले.

तरीही त्या गात राहिल्या. त्यांनी रचलेले ‘बॉल अँड चेन’ हे गीत पुढे जॅनिस जॉप्लिन यांनी गाजवले. २५ जुलै १९८४ रोजी थॉर्नटन यांचे निधन झाले. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने प्रेस्ली यांचा गौरव १९८६ मध्येच केला. थॉर्नटन यांच्या वाट्याला तो सन्मान २०२४ मध्ये आला.