द्रव स्फटिकांचे अभ्यासक : शिवरामकृष्ण चंद्रशेखर

मेण तापवले की वितळते. घनाचा द्रव होतो. काही पदार्थ मात्र या दोन अवस्थांच्या मध्ये थबकतात. ते द्रवासारखे वाहतात, पण त्यांच्या रेणूंत स्फटिकासारखी शिस्त काही अंशी टिकून राहते. त्यांना द्रव स्फटिक म्हणतात. या विषयातील भारतीय संशोधनाला जगात मान मिळवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे शिवरामकृष्ण चंद्रशेखर.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० रोजी कलकत्ता येथे झाला. विख्यात शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर वेंकट रामन हे त्यांचे मामा. १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. पदवी प्रथम क्रमांकाने मिळवली. पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत मामांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला. १९५४ मध्ये नागपूर विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. पदवी दिली. त्यानंतर केंब्रिज व लंडन येथे संशोधन करून १९६१ मध्ये ते मायदेशी परतले आणि म्हैसूर विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. तेथेच ते द्रव स्फटिकांकडे वळले. १९७१ मध्ये रामन संस्थेत त्यांनी या विषयाची प्रयोगशाळा उभारली.

द्रव स्फटिकांचा शोध १८८८ मध्ये लागला होता. तेव्हापासून ज्ञात असलेल्या अशा पदार्थांचे रेणू काडीसारखे लांबट होते. तसा आकार आवश्यकच आहे, असा समज रूढ होता. १९७७ मध्ये चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी दाखवून दिले, की चकतीसारखे चपटे रेणूही द्रव स्फटिक बनवतात. नाण्यांच्या चळतीप्रमाणे ते एकावर एक रचले जातात. हा शोध त्यांनी ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाने त्याची दखल घेतली.

वाहत्या पदार्थातील ही शिस्त व्यवहारातही उपयोगी पडते. घड्याळांच्या व संगणकांच्या पडद्यांत द्रव स्फटिक असतात. साखळीसारखे लांब रेणू असलेल्या पदार्थांना बहुवारिके म्हणतात. त्यांपैकी काही द्रव स्फटिकी असतात. ती साध्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली, तर वितळलेले मिश्रण पुष्कळदा साच्यात अधिक सहज वाहते. प्रवाहाच्या दिशेने त्यांचे सूक्ष्म तंतू तयार होतात आणि वस्तूला बळकटी देतात.

१९८३ मध्ये चंद्रशेखर लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९९० मध्ये निवृत्त झाल्यावरही ते थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी बंगळूरमध्ये त्यांनी द्रव स्फटिक संशोधन केंद्र स्थापन केले. १९९८ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ हा सन्मान लाभला. ८ मार्च २००४ रोजी त्यांचे निधन झाले. रूढ समजही प्रयोगाच्या कसोटीवर तपासून पाहावा, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण आहे.