कागलच्या घाटग्यांचा मुलगा



आपल्यापैकी अनेकजण कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. कुणी फौंड्रीत आहे, कुणी सूतगिरणीत, तर कुणी ठेकेदाराच्या हाताखाली. ज्या कागलचे नाव या वसाहतीला मिळाले, तिथल्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव यशवंतराव. पुढे हेच राजर्षी शाहू छत्रपती झाले. त्यांचे चरित्र आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. आज आम्ही ते एका प्रश्नासाठी पुन्हा सांगणार आहोत. लेकराबाळांच्या घराला मदत द्यायची, तर ती सरसकट सर्वांना द्यावी, की गरज तपासून द्यावी?

यशवंतरावांची आई राधाबाई त्यांच्या लहानपणीच वारल्या. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाईसाहेबांनी त्यांना कोल्हापूरच्या गादीसाठी दत्तक घेतले. दोन वर्षांनी जन्मदाते वडील जयसिंगराव आबासाहेबही गेले. राजवाडा मिळाला, पण वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास हा मुलगा पोरका झाला. राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची वीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांनी राज्याचा कारभार हाती घेतला.

लगेचच परीक्षा आली. १८९६-९७ च्या सुमारास दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेग आला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, निराधारांसाठी आश्रम काढले, दुष्काळी कामे सुरू केली. या कामांवर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्याचीही सोय केली. आईला मजुरी द्यायची तर तिच्या कडेवरच्या मुलाचा विचार आधी करावा लागतो, हे त्या काळच्या दरबाराला सुचले. वसाहतीत सेकंड शिफ्ट करणाऱ्या आमच्या भगिनींना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

शिक्षणाची अडचण याहून मोठी होती. खेड्यातला हुशार मुलगा कोल्हापुरात शिकायला आला, तर राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? म्हणून १९०१ पासून वसतिगृहे उभी राहू लागली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक बोर्डिंगे निघाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले आणि १९१५ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह झाले. जातवार वसतिगृहांमुळे भिंती पक्क्या होतात, असा आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही. पण एका पंगतीला बसायला लोक तयार नव्हते, तेव्हा मुलांना ताटकळत ठेवण्यापेक्षा प्रत्येकाला छप्पर देणे त्यांनी पसंत केले. पुढे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे भाऊराव पाटील याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. एका छपराखालून किती शाळा निघतात, ते यावरून दिसते.

२६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने महाराजांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला काढले. जो पालक मुलाला शाळेत धाडणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी मजुराला रुपया जड होता, हे खरेच. परंतु फी मागायची नाही, गरिबीचा पुरावा मागायचा नाही, इतके राज्याने आपल्याकडे घेतले आणि मगच पालकाकडे बोट दाखवले, हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

१९१८ मध्ये महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीच्या वेळी अपघाताने दगावले. त्यांच्या नावाने १९२० मध्ये मराठा फ्री बोर्डिंग सुरू झाले, गरीब विद्यार्थ्यांना फुकट राहता यावे म्हणून. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस होते.

तर मग आपल्या प्रश्नाचे उत्तर काय? या चरित्रात दोन्ही वाटा आहेत. जे प्रत्येक मुलाला हवेच, ते सर्वांना, विचारपूस न करता. ज्याला त्याहून अधिक लागते, त्याला गरज पाहून. दोहोंची गल्लत झाली की अन्याय होतो. आज राज्यात मुलींसाठी २०२३ पासून लेक लाडकी योजना आहे. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड आणि वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलीला अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण एक लाख एक हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण हिशेब करून पाहा. एक लाखाला बाराने भागले तर महिन्याला ८,३३३ रुपये येतात. ठेकेदाराकडे दरमहा नऊ हजार मिळवणारा बाप या रेषेबाहेर जातो आणि त्याची लेक काही श्रीमंत होत नाही. रेषा कुठेतरी ओढावीच लागते, हे आम्ही समजतो. मात्र ती ओढल्यावर पलीकडे कोण राहिले, हे पाहण्याचे काम समाजाचे आहे.

दुसरी गोष्ट संकोचाची. उत्पन्नाचा दाखला मागायला जाताना माणसाची मान खाली जाते. म्हणून काहीजण अर्जच करीत नाहीत आणि नुकसान मुलांचे होते. बंधुभगिनींनो, हक्काची मदत मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. महाराजांच्याच नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आज आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना पात्र अभ्यासक्रमांसाठी तिचा लाभ मिळू शकतो. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. आपल्यातील ज्यांना संगणकावर अर्ज भरता येतो, त्यांनी शेजारच्या घरी आपणहून जावे, त्या घराने बोलावण्याची वाट पाहू नये. आणि जे घर रेषेच्या जेमतेम पलीकडे आहे, त्या घरातील मुलाच्या वह्या-पुस्तकांचे काय, हा प्रश्न आपण आपला मानावा. येत्या रविवारी मिस्सानंतर याविषयी बोलण्यासाठी आम्ही थांबणार आहोत. जरूर यावे.